खमीर आणि तजुर्बा

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवताना काही शब्दांपाशी मी हमखास थांबते. ‘तजुर्बा’ हा त्यांपैकी एक. मराठीत आपण ‘अनुभव’ आणि ‘प्रयोग’ असे दोन शब्द वेगळे ठेवतो. अनुभव वडीलधाऱ्यांच्या गाठीशी असतो, प्रयोग विज्ञानाच्या तासाला होतो. उर्दूत दोन्हींसाठी तजुर्बा हा एकच शब्द चालतो. म्हणूनच उर्दू माध्यमाच्या शाळेत प्रयोगशाळेला ‘तजुर्बागाह’ म्हणतात. मी याचा अर्थ असा लावते की, जे घडले ते तपासले आणि काही बदल करून पुन्हा करून पाहिले, तर तो तजुर्बा. नुसतेच घडून गेले तर ती फक्त आठवण.

हा विषय सुचला तो पिझ्झामुळे. गेल्या वर्षी आम्ही घरी पिझ्झा करायला शिकलो. आम्ही म्हणजे मी, नववीतली माझी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई. बाहेरचा एक पिझ्झा पाच माणसांना पुरत नाही, पाच मागवायचे तर महिन्याचे गणित बिघडते, आणि वरच्या चिकनची खात्री करून घ्यावी लागते ती वेगळीच. मुलीने व्हिडिओ पाहिले आणि पीठ मळायला घेतले. शिक्षिकेच्या सवयीने मी एक वही घातली. वहीत तीन रकाने आखले: काय केले, काय झाले, पुढच्या वेळी काय बदलायचे.

पहिला पिझ्झा पापडासारखा कडक झाला. पीठ फुगलेच नव्हते. मुलगी म्हणाली, “यीस्टच खराब असणार.” सासूबाईंनी पीठ दाबून पाहिले आणि विचारले, “पानी कैसा डाली थी?” पाणी चांगले कढत होते. त्या म्हणाल्या, “जो पानी उँगली को नहीं सोसता, वो खमीर को कैसे सोसेगा?” विज्ञानही तेच सांगते. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे. कोमट पाण्यात तो जागा होतो, साठ अंशांच्या आसपास मरतो. सासूबाईंकडे तापमापक नव्हता, बोट होते.

दुसऱ्या वेळी पीठ फुगले आणि फुगून खाली बसले. वासही आंबट येत होता. व्हिडिओत दोन तास ठेवायला सांगितले होते, म्हणून मुलीने दोन तास ठेवले. पण तो व्हिडिओ कुठल्यातरी थंड देशातला होता आणि आमच्याकडे मराठवाड्यातला मे महिना होता. वहीत नोंद झाली: घड्याळ बघायचे नाही, पीठ दुप्पट झाले का ते बघायचे. पुढे डिसेंबरात तेच पीठ दुप्पट व्हायला तिप्पट वेळ लागला, तेव्हा ही नोंद कामी आली.

तिसरा पिझ्झा कडेने भाजला आणि मधे कच्चा राहिला. त्यावर कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचा डोंगर होता आणि ओव्हन नुकताच सुरू केला होता. नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीचे तापमान साडेचारशे अंशांच्या वर असते, म्हणून तिथला पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार होतो. तिथल्या कारागिरांच्या या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपला घरचा ओव्हन अडीचशेच्या पुढे जात नाही. सासूबाईंचा प्रश्न सरळ होता, “तवा तपे बगैर रोटी डालते क्या?” मग लोखंडी तवा ओव्हनमध्ये उलटा ठेवून अर्धा तास तापवला, भाज्या निम्म्या केल्या. चौथा पिझ्झा खालून खरपूस झाला. अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली कोमट पाणी, दोन चमचे मीठ, एक चमचा यीस्ट, दोन चमचे तेल. एवढ्यात चार पिझ्झे होतात. हे प्रमाण आता पक्के आहे.

सासूबाईंनी साठीपर्यंत पिझ्झा पाहिलाही नव्हता. त्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या. तिथला नान-खलिया प्रसिद्ध आहे. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या लष्करासाठी हे जेवण शिजू लागले, असे तिथे सांगतात. ती जाड, मऊ, खमिराची नान त्यांनी लहानपणापासून पाहिली, घरीही केली. पिझ्झा इटलीचा असला तरी मैदा, खमीर आणि आगीचे गणित त्यांच्या ओळखीचे होते.

बी.एड.ला असताना आम्ही पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक मुद्दा लिहायचो. हर्बार्टची पंचपदी पाठ करायचो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे असे उत्तरपत्रिकेत लिहायचो. प्रत्यक्ष वर्गात मात्र पूर्वज्ञान म्हणजे मागच्या इयत्तेच्या पुस्तकात काय होते एवढेच धरले जाते. माझ्या वर्गात बेकरीवाल्यांची, शिंप्यांची, गॅरेजवाल्यांची मुले आहेत. बेकरीत हात लावणाऱ्या मुलाला किण्वन माहीत असते, फक्त ‘किण्वन’ हा शब्द माहीत नसतो. त्याला आपण “तुला काही येत नाही” म्हणतो. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंनाही आयुष्यभर हेच ऐकावे लागले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये अनुभवाधारित अध्ययनावर भर आहे. तो भर प्रत्यक्षात यायचा तर मुलाच्या घरी काय चालते हे शिक्षकाने आधी विचारले पाहिजे.

अर्थात, वय झाले म्हणजे तजुर्बा आला असे मी म्हणणार नाही. जॉन ड्यूई यांनी 1938 च्या ‘अनुभव आणि शिक्षण’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात हाच इशारा दिला होता. प्रत्येक अनुभव माणसाला शिकवतोच असे नाही, काही अनुभव पुढची वाट बंदही करतात. “आमच्या वेळी असंच होतं” हे वाक्य मी शिक्षक खोलीत, लग्नाच्या बैठकीत, मोहल्ल्याच्या सभेत नेहमी ऐकते. ते म्हणणाऱ्याकडे वर्षे पुष्कळ असतात, पण ती तपासलेली नसतात. सासूबाईंनीही एकदा नानसारखे दही आणि दूध घालायचा आग्रह धरला होता. पिझ्झा मऊ झाला, पण नानसारखा झाला. त्यांनी स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, “दही निकाल दो.” सत्तरीत हात बदलता येतो हे मी त्या दिवशी पाहिले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या घरातला एक मुलगा दहावीला गणितात नापास झाला. उर्दूत त्याला चांगले गुण होते. मी त्याच्या वडिलांना म्हटले, “भाईजान, मंडळाकडे अर्ज केला की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. कुठे गुण गेले ते तरी बघू.” ते म्हणाले, “क्या करना है देख के, बाजी? पढाई इसके बस की नहीं.” पुरवणी परीक्षेचा अर्ज भरलाच नाही. मुलगा आता दिवसभर टायर बदलतो. कामात कमीपणा नाही, पण ते काम त्याने निवडलेले नाही.

त्याचे पाणी जास्त गरम होते, वेळ चुकली होती, की तवा तापला नव्हता, हे कोणी पाहिलेच नाही. कदाचित भूमितीची दोन प्रकरणे राहिली असतील, कदाचित वेळ पुरला नसेल. आपण पिठाचा गोळा फेकताना चार वेळा विचार करतो, पण पोराचे शिक्षण एका निकालावर बंद करतो. मुलींच्या बाबतीत तर निकालाचीही वाट पाहिली जात नाही. बंद पडलेल्या दुकानाचेही तेच होते. दुकान का बुडाले याचा हिशेब कोणी मांडत नाही, ‘नसीब’ म्हणून विषय संपवतात. नशिबावर माझाही विश्वास आहे, पण हिशेब टाळायला त्याचे नाव घेणे मला पटत नाही.

वाचकहो, निकाल लागला की मुलाला तीन प्रश्न विचारा: तू काय केलेस, काय झाले, पुढच्या वेळी काय बदलशील? उत्तरे त्याच्याकडून लिहून घ्या, मग छायाप्रत मागवा आणि ती शिक्षकाबरोबर बसून बघा. पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच असते आणि अर्जाची मुदत थोडी असते. ते दिवस रागावण्यात घालवू नका, आधी अर्ज भरा.