दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि बुडालेली मजुरी

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात आषाढातील एका दिवसाचे मोल फाल्गुनातील दिवसाइतके नसते. रोवणीच्या मोजक्या दिवसांत शेतमजुराच्या घरी वर्षाच्या मिळकतीचा मोठा वाटा येतो. ते दिवस हुकले की ते पुन्हा येत नाहीत. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून मूतखड्याच्या किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा खरा खर्च मांडता येणार नाही. रुग्णालयाचे बिल हा त्या खर्चाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग होय. रुग्णाची बुडालेली मजुरी, त्याच्या उशाशी बसणाऱ्या पत्नीची किंवा मुलाची बुडालेली मजुरी आणि पुढे महिना-दीड महिना ‘जड उचलू नका’ या सल्ल्याची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

जुन्या पद्धतीत मूत्रपिंडातील खडा काढावयाचा म्हणजे कुशीवर वीतभर छेद घ्यावा लागे, स्नायूंचे थर कापावे लागत आणि प्रसंगी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. खडा हरभऱ्याएवढा, जखम मात्र वीतभर! अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. परंतु खड्यापर्यंत पोहोचण्यासाठी शरीर उघडलेच पाहिजे, हे गृहीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसे ढळले नव्हते. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतील लहानशा छिद्रातून मूत्रपिंडातील खडा काढून दाखविला. १९८० साली म्युनिक येथे चाउसी यांनी शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी खडा फोडला, तर १९९० मध्ये अमेरिकेत क्लेमन यांनी संपूर्ण मूत्रपिंड दुर्बिणीच्या साहाय्याने बाहेर काढले. अवघ्या पंधरा वर्षांत एका शास्त्राचे रूप पालटले.

आज मूत्रवाहिनीतील खडा नैसर्गिक मार्गाने दुर्बीण घालून लेझरने फोडता येतो. त्वचेवर ओरखडाही उठत नाही आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यासाठी सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र बहुतेक वेळा पुरते. लघवी तुंबल्याने नळी लावून ओसरीवर बसून राहिलेला वृद्ध शेतकरी खेड्यापाड्यांत नवा नाही. त्याचीही प्रोस्टेटची गाठ पोट न फाडता काढता येते. वेदना कमी, रक्तस्राव कमी, जखम चिघळण्याची भीती कमी, हे लाभ वैद्यक सांगतेच. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा लाभ परत मिळालेल्या दिवसांचा आहे.

हे दिवस कोणाच्या पदरात पडतात, याचा विचार क्वचितच होतो. शिक्षकाला किंवा कार्यालयातील लिपिकाला वैद्यकीय रजा मिळते आणि खर्चाची प्रतिपूर्तीही होते. सहा आठवडे अंथरुणावर काढले तरी त्याचा पगार थांबत नाही. डोंगरी बुजुर्ग किंवा चिखला येथील मँगनीजच्या खाणीत ठेकेदाराकडे राबणारा, वीटभट्टीवरचा, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारा मजूर यांना ती सवलत नाही. शिवाय रणरणत्या उन्हात घाम गाळणे आणि पुरेसे पाणी न पिणे हे मूतखड्याचे एक मान्य कारण आहे. म्हणजे ज्याच्या कामातून हा रोग उद्भवण्याचा संभव अधिक, त्यालाच लवकर बरे होण्याची गरजही अधिक. लहान छेदाची शस्त्रक्रिया ही सुखवस्तूंची चैन आहे, ही समजूत म्हणूनच मुळात उलटी आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने बिलाचा प्रश्न पुष्कळसा सोडविला, हे मान्य केले पाहिजे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियाही तिच्यात अंतर्भूत आहेत. परंतु बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. लाखांदूर किंवा पवनीच्या रुग्णाला तज्ज्ञासाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. भंडारा ते नागपूर अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे. पण तपासणीला एक फेरी, तारखेसाठी दुसरी, शस्त्रक्रियेसाठी तिसरी अशा खेपा झाल्या की वाचलेले दिवस प्रवासातच खर्ची पडतात.

यातील एक खेप तर जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत अनेकदा एक बारीक नळी ठेवली जाते, तिला स्टेंट म्हणतात. ती ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः काही आठवड्यांत, काढावयाची असते. दुखणे थांबले, भाड्याला पैसे नाहीत, धानकापणी तोंडावर आली म्हणून रुग्ण गेला नाही, तर त्या नळीवरच क्षार साचतात आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत पाळी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती काढण्याची सोय झाली, तर तेवढ्यानेही कित्येक मूत्रपिंडे वाचतील.

दुसरी बाजूही दृष्टिआड करता कामा नये. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे शस्त्रक्रियेवाचून आपोआप पडतात. सोनोग्राफीच्या कागदावर खडा दिसला की लगेच दुर्बीण घालावयाची, हा व्यवहार काही ठिकाणी होत असेल तर त्याला उपचार म्हणता येणार नाही. छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग तिलाही चुकलेले नाहीत.

भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा समावेश ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी उद्घाटन झालेल्या दहा महाविद्यालयांत होता. मूत्रशल्यचिकित्सा हा पदवी शिक्षणाचा मूलभूत विभाग नसल्याने तो ‘यथावकाश’ होईल, असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. सुमारे बारा लाख लोकवस्तीच्या जिल्ह्याने त्यावर समाधान मानू नये. प्रारंभी नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयातील तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येथे आले, एक दुर्बीण आणि एक लेझर यंत्र मिळाले, तरी काम सुरू होऊ शकते. मात्र यंत्र आणून ठेवले की कर्तव्य संपत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बालकांचा बळी गेला. त्या जिल्ह्याला विजेच्या तारांची देखभाल, तंत्रज्ञाची कायम नेमणूक आणि दुरुस्तीची वार्षिक तरतूद यांचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. यंत्राच्या किमतीबरोबर या तिन्ही बाबींचा खर्चही पहिल्याच अंदाजपत्रकात दाखविला जावा, असा आग्रह जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी धरावयास हवा.