सिव्हिलची बदनामी आणि खासगीची पुण्याई

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,

तालुक्याच्या गावात कुणी अंथरुणाला खिळलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘सिव्हिलला न्यायचं की खासगीत?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं. प्रसंगी दागिना मोडतात, पण खासगीतच नेतात. तुमच्याच खात्याचं २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, की देशातली सुमारे निम्मी कुटुंबं सरकारी दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत. का, तर उपचार चांगले मिळत नाहीत, हे कारण सगळ्यांत पुढे.

आता त्याच सर्वेक्षणातलं बाळंतपणाचं पान उघडा. सरकारी रुग्णालयांत शंभरातली १४ बाळंतपणं सिझेरियननं झाली, खासगीत ४७. अडलेली, रक्त कमी असलेली, झटके येणारी बाई ऐनवेळी खासगीतून सिव्हिलला धाडली जाते, हे कुठल्याही आशाताईला विचारा. मग अवघड बाळंतपणं एकीकडे आणि कात्री दुसरीकडे, असं कसं? काही बायका स्वतःहून सिझेरियन मागतात, हे मान्य. पण जवळजवळ निम्म्या?

मला सरकारी दवाखान्याची वकिली करायची नाही. मध्य प्रदेशात जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेली माणसं रुग्ण म्हणून डॉक्टरांकडे पाठवायची आणि डॉक्टर काय विचारतो, काय तपासतो, काय लिहून देतो याची नोंद ठेवायची, अशी त्यांची पद्धत. काही डॉक्टर सरकारी केंद्रातही बसत आणि स्वतःचा दवाखानाही चालवत. तोच डॉक्टर, तीच तक्रार. पण स्वतःच्या दवाखान्यात त्यानं जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले, आणि योग्य उपचारही तिथे जास्त वेळा मिळाले. म्हणजे लोकांची तक्रार अगदीच हवेत नाही. डॉक्टरला विद्या येते, पण सरकारी खुर्चीत ती पुरती वापरली जात नाही. अनावश्यक औषधं मात्र दोन्हीकडे सारखीच मिळाली, आणि त्या भागातल्या बहुतेक खासगी ‘डॉक्टरां’कडे वैद्यकीय पदवीच नव्हती.

मुंबई आणि पाटण्यात हीच पद्धत क्षयरोगासाठी वापरली गेली. तो अभ्यास २०१८चा. खासगी डॉक्टरांपुढे क्षयाची लक्षणं सांगणारा रुग्ण बसला, तेव्हा योग्य व्यवस्थापन झालं जेमतेम ३५ टक्के भेटींत.

पण रुग्णाला यातलं काय दिसतं? सुई टोचली, बाटली लावली, एसी होता, नर्स गोड बोलली. सिव्हिलमध्ये काय दिसतं? केसपेपरची रांग, एका खाटेवर दोघं, ‘हे औषध बाहेरून आणा’ म्हणून हातात दिलेली चिठ्ठी. खोकला किती दिवसांचा, हे डॉक्टरनं विचारलं की नाही, हे कुणी मोजत नाही. जीव मात्र त्यावरच अवलंबून असतो. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अंदाजानुसार भारतात उपचारांनी टळू शकणारे सुमारे २४ लाख मृत्यू वर्षाला होतात. त्यातले आठ लाखांवर दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे, तर १६ लाख दवाखान्यात पोचूनही, उपचार निकृष्ट मिळाल्यामुळे.

२०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. एका खासदारांनी तर अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं. फोटो देशभर गेला. बरीच बाळं खासगीतून शेवटच्या घटकेला आली होती, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. ते कितपत खरं, हे पडताळायला खासगी रुग्णालयांचे आकडे लोकांसमोर आहेत कुठे? सरकारी मृत्यूची बातमी होते. खासगीतला मृत्यू बिलाबरोबर निकाली निघतो.

आपण इमारती रंगवल्या. २०२३मध्ये आरोग्य केंद्रांचं नाव बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ केलं. सरकारी दवाखान्यांसाठी गुणवत्तेची मानकं तर २०१३पासून आहेत. पण आरोग्यावर सरकारचा खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असं २०१७च्या धोरणात लिहिलं होतं, आणि २०२१-२२चा आकडा होता १.८४. कमी माणसांत आणि कमी औषधांत काम करणाऱ्याला नवी पाटी किती पुरणार?

माझं मागणं पैशांपेक्षा स्वस्त आहे. प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, आपले आकडे दर्शनी भागात लावावेत: सिझेरियन किती, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग किती, अत्यवस्थ अवस्थेत दुसरीकडे किती पाठवले, मृत्यू किती आणि दाखल होताना ते रुग्ण कोणत्या स्थितीत होते. आमच्या महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना दरपत्रक लावण्याची सक्ती २०२१च्या नियमांनी केलीच आहे. दर कळतो, दर्जा कळत नाही.

आरोग्य हा राज्यांचा विषय, असं उत्तर येईल. पण आयुष्मान भारत योजनेतून हजारो खासगी रुग्णालयांना सरकारी पैसा जातो. पैसे देणाऱ्याला अट घालता येते. ती अट योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाला घाला आणि सुरुवात सिझेरियनच्या आकड्यापासून करा. त्यासाठी नवं सर्वेक्षण नको, नवं ॲप नको. तो आकडा प्रत्येक प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत आजही लिहिलेला आहे.

आपला,
एक नागरिक