अन्नाचा मान आणि बुरशी

गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलाने अर्धा डबा संपवला आणि उरलेल्या पावावर त्याला हिरवा ठिपका दिसला. तो रडू लागला. बाईंनी त्याला चूळ भरायला लावली, पाणी पाजले, घरी फोन केला. मुलाला काही झाले नाही. पण पलीकडून उत्तर आले, "तेवढा तुकडा काढून टाकायचा, त्यात काय एवढं?"

हे वाक्य आमच्याही घरात ऐकू येते. अन्न वाया घालवू नये हा संस्कार चांगलाच. पण पाव, पोळी, भात अशा मऊ पदार्थांत वर ठिपका दिसतो तेव्हा बुरशीचे तंतू आत पसरलेले असू शकतात. वरचा भाग काढून उरलेले खाणे योग्य नव्हे.

चुकून एखादा घास गेलाच तर घाबरू नये. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. फार तर मळमळते. मुद्दाम उलटी काढू नये. उलट्या-जुलाब थांबेनात, अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

खरा धोका नकळत वारंवार खाण्यात आहे. मका, शेंगदाणे, सुके खोबरे यांवरच्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते भाजून-शिजवून पुरते जात नाही. वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. एकदम जास्त गेल्यास काय होते, ते १९७४ साली आपल्या बडोद्याशेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि राजस्थानातील बांसवाड्यात दिसले. पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन तिथल्या आदिवासी वस्त्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. मका हेच त्या गरीब घरांचे रोजचे अन्न होते. आपल्याला निवड करता येते.

काही घरांत असे अन्न कामवाल्या मावशींना किंवा गाईला दिले जाते. आपण जे खाणार नाही ते दुसऱ्याला देणे हे दान नव्हे. शिवाय गाईच्या पोटात गेलेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो.

पालकहो, पावसाळ्यात दाणे-खोबरे बेताने आणा आणि कोरड्या डब्यात ठेवा. कूट करण्यापूर्वी काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. एकदा कूट झाले की काही ओळखता येत नाही. विश्वस्तांना विनंती, की शाळेच्या गणपतीच्या खिरापतीसाठी खोबरे महिनाभर आधी आणून ठेवू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, डबा उघडलात की आधी नीट पाहा. शंका आली तर बाईंना दाखवा. त्या मुलाने दाखवले, तेच बरोबर होते.

अन्नाचा मान बुरसटलेले खाण्यात नाही, ते बुरसटू न देण्यात आहे, असे आम्हाला वाटते.