खाट मिळाली, गोळीचे काय?

शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन कारखान्यातला कामगार निरोप घेतो. व्यवस्थापकांचे भाषण होते, फोटो निघतात. त्याच दिवशी त्याच्या हाती आणखी एक कागद पडावयास हवा, परंतु तो पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात नसतो. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये, म्हणजे एका चहाचे पैसे!

हा कोणाचा उपकार नव्हे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत कामगाराने आयुष्यभर आपल्या वेतनाचा हिस्सा घातलेला असतो. तिचे खरे मोल मात्र निवृत्तीनंतरच कळते. कारण म्हातारपण खाटेवर कमी आणि गोळ्यांवर अधिक जाते. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी या दुखण्यांना रुग्णालयात भरती लागत नाही. लागते ते दरमहा औषध. विमा दवाखाना हे रोजचे औषध देतो.

सरकारी घोषणांचा सगळा भर मात्र खाटेवर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्ड देऊ केले. त्यावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही महाराष्ट्र शासनाने पाच लाखांवर नेली. सत्तरी न गाठलेल्यांना तिचा आधार आहे. दोन्ही योजना उपयोगी आहेत आणि कार्यकर्त्यांनी त्यांची कार्डे घरोघर काढून दिलीच पाहिजेत. पण रुग्ण भरती झाला तरच त्या जाग्या होतात. दर महिन्याला औषधाच्या दुकानात जाणारे पैसे त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. सप्टेंबर २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले आणि नंतर दहा वर्षे उलटली तरी ते तेथेच राहिले. त्यात ही औषधे कशी बसवावयाची, हे दिल्लीतल्या एखाद्या अर्थपंडितानेच सांगावे.

मग पूरक म्हणून खाजगी पॉलिसीकडे बोट दाखवले जाते. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने प्रवेशाची वयोमर्यादा काढली, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यावर निर्बंध आले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरील अठरा टक्के करही गेला. दार उघडले खरे, पण आतल्या मालाची किंमत कंपनीच ठरवते. साठीच्या मधुमेही माणसाला लागणारा हप्ता गिरणगावातल्या पेन्शनरास झेपणारा नसतो; वर बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने सोसण्याची अट अनेक पॉलिस्यांत बारीक टाइपात दडलेली असते. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. ज्यांना मालकाची सामूहिक पॉलिसी होती, त्यांनी तिची मुदत संपण्यापूर्वीच वैयक्तिक पॉलिसीत बदलीचा अर्ज केला, तर पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी चौकशीला आलेल्यास ही वाट बंद झालेली असते.

यात कामगार संघटनांनाही हात झटकता येणार नाहीत. विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ साली २१,००० रुपये झाली आणि पुढे वर्षानुवर्षे हलली नाही. वेतन मात्र वाढत राहिले. युनियनने लढून मिळवलेल्या पगारवाढीनेच कितीतरी कामगार निवृत्तीच्या उंबरठ्यावर योजनेबाहेर पडले! अशांना पुन्हा आत घेण्याचा निर्णय महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तोही वेतनाची नवी मर्यादा घालून. मर्यादा महागाईशी जोडण्याची मागणी करारांच्या मसुद्यात कितीदा आली? कंत्राटी कामगाराची अवस्था आणखी बिकट. पंचवीस वर्षे राबूनही तो ‘निवृत्त’ होत नाही, त्याचे कंत्राट संपते. मग निवृत्तीचा दाखला त्याने कोणाकडे मागावा?

वेतनमर्यादा महागाईशी जोडणे, कंत्राटी कामगारास सेवेच्या वर्षांवर हक्क देणे आणि आरोग्य योजनांत बाह्यरुग्ण औषधांचा समावेश करणे, या तीन मागण्या आता कारखान्याच्या दारापासून विधानसभेपर्यंत न्यावयास हव्यात. तोवर प्रत्येक शाखेने येत्या वर्षात निवृत्त होणाऱ्यांची यादी करावी, आणि निरोपसमारंभाच्या आठवडाभर आधी मालकाचा दाखला, विमा क्रमांक व १२० रुपये घेऊन त्यांना विमा कार्यालयात पोहोचवावे.