न सांगितलेल्या बातमीचे दुःख

मागच्या वर्षी एका रात्री शेजारच्या तरुणाने दार ठोठावले. त्याच्या बायकोला तिसरा महिना होता आणि रक्तस्राव थांबत नव्हता. मीही सोबत इस्पितळात गेलो. सलाईन, सोनोग्राफी सारे वेळेवर झाले. उपचारांना नाव ठेवायला जागा नव्हती. पहाटे केसपेपर हाती आला. त्यावर लिहिले होते, 'इनकम्प्लीट अ‍ॅबॉर्शन'. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आम्ही पाडला नाही हो. मग हे असं का लिहिलंय?"

वैद्यकाच्या परिभाषेत आपोआप झालेला काय आणि मुद्दाम केलेला काय, दोन्ही अ‍ॅबॉर्शनच. आपला 'गर्भपात' हा शब्दही तसाच दुहेरी. डॉक्टरांना तो रोजचा. त्या दोघांना मात्र तो आरोप वाटला. खुलासा करायला कोणाला सवड नव्हती.

'लॅन्सेट'ने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भ असे आपोआप पडतात. निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांत सुमारे पंधरा. सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत रंगसूत्रांचाच दोष असतो. तरीही घरी पहिला प्रश्न येतो तो "काय उचललंस?" हाच. 'तुझी चूक नाही' हे वाक्य म्हणूनच डॉक्टरांच्या तोंडून, आणि सासरच्यांच्या देखत यायला हवे.

त्यातून आपल्याकडे तीन महिने बातमी फोडायची नाही, असा रिवाज. ज्याचा आनंद कोणाला सांगितला नाही, त्याचे दुःख कोणापाशी सांगायचे? आणि बापाचे काय? जुन्या धर्मशास्त्राने अशा वेळी आईला अशौच सांगितले, बापाला नुसते स्नान. आजही तो बिलाच्या खिडकीपाशीच उभा असतो.

आपत्कालीन विभागात गर्दी असते, हे मान्य. पण बाळंतिणींच्या खाटांपासून दूर एक कोपरा, दोघांना एकत्र बसवून पाच मिनिटे बोलणे, रक्तस्राव किती दिवस चालेल आणि केव्हा धावत परत यायचे हे मराठीत लिहिलेला एक कागद, यांना काही मोठा खर्च येत नाही. केसपेपरवर 'आपोआप' हा एक शब्द वाढवायला तर काहीच नाही.

आणखी एक दाखला द्यायला हवा. गर्भ पडल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो इस्पितळातूनच मिळतो.

हे मला फार उशिरा कळले. बँकेत अधिकारी असताना एका मुलीचा चार दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्यापुढे आला होता. कारण लिहिले होते, 'प्रकृती अस्वास्थ्य'. खरे कारण शाखेत सगळ्यांच्या कानावर होते, माझ्याही. मी काही न विचारता सही केली. पाचव्या दिवशी ती काउंटरवर हजर होती.