गुन्हा शिंपल्याचा नव्हे

१९८८ सालच्या जानेवारीत शांघाय शहरात काविळीची साथ उसळली आणि दोन-तीन महिन्यांत सुमारे तीन लाख माणसे आजारी पडली. रुग्णालये पुरेनात, म्हणून शाळा, कारखाने आणि हॉटेले यांतून खाटा मांडाव्या लागल्या. साथीचे मूळ शोधता शोधता आरोग्यखात्याचे बोट एका साध्या खाद्यावर जाऊन टेकले. जिआंगसू प्रांतातील छीतोंगच्या किनाऱ्यावरून शहरात आलेल्या त्या शिंपल्या होत्या. शांघायकर त्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून जवळजवळ कच्च्याच खात असत. ज्या पाण्यात त्या वाढल्या, त्यात माणसांचा मैला मिसळत होता.

तेथील राजवट समाजवादाचे नाव घेणारी होती, हे आपण लपवू नये. मैलापाण्याचा प्रश्न घोषणेने सुटत नाही.

शिंपल्याचे जगणेच पाणी गाळण्यावर चालते. अनुकूल स्थितीत एक कालव दिवसाकाठी शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकते. त्या पाण्यात काविळीचे किंवा जुलाब-उलट्यांचे विषाणू असतील, तर ते त्याच्या पोटात साठत जातात. विषाणू शिंपल्यात वाढत नाहीत. ते माणसाच्याच आतड्यातून आलेले असतात. म्हणजे शिंपला हा रोगाचा जनक नव्हे. आपण पाण्यात काय सोडतो याची तो केवळ साक्ष देतो. परंतु साथ आली की पहिली शिक्षा या साक्षीदाराला आणि त्याची टोपली डोक्यावर वाहणाऱ्या बाईला होते.

मग दोषी कोण? याचे उत्तर देताना कायदा कसा अडखळतो, हे ऑस्ट्रेलियात दिसले. न्यू साउथ वेल्समधील वॉलिस सरोवरात कालवांची शेती चालते. नोव्हेंबर १९९६ मध्ये तेथे मोठा पाऊस झाला. १९९७ च्या आरंभी त्या कालवांमुळे चारशेंहून अधिक लोकांना कावीळ झाली आणि एक जण दगावला. बागायतदारांनी पावसानंतर काही दिवस काढणी थांबवली होती. पुढे माल शुद्धीकरणाच्या टाक्यांतही ठेवला होता आणि त्याच्या चाचण्यांत दोष आढळला नव्हता. पण त्या चाचण्या जिवाणूंच्या होत्या. टाकीत ठेवल्यावर जिवाणू एक-दोन दिवसांत धुऊन निघतात, विषाणू मात्र शिंपल्याच्या आतड्याला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. प्रकरण सर्वोच्च पायरीपर्यंत गेले. २००२ साली तेथील उच्च न्यायालयाने निकाल दिला की, निष्काळजीपणाच्या कायद्याखाली स्थानिक परिषद जबाबदार नाही, राज्यसरकार जबाबदार नाही आणि बागायतदारही नाही. सरोवराकाठच्या सांडपाण्याची पाहणी करून ते दुरुस्त करण्याचे काम ज्यांच्या हाती होते, त्यांनी ते न केल्यास त्यांना जाब कोणी विचारावा, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. तो न्यायालयाने सोडवला नाही, तर राजकारणाने सोडवला पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुंबईचे मैलापाणी वरळी आणि वांद्रे येथील समुद्रमुखांतून दीर्घकाळ जुजबी प्रक्रियेनंतर समुद्रात सोडले गेले. सात मोठ्या प्रक्रियाकेंद्रांची पायाभरणी व्हायला १९ जानेवारी २०२३ उजाडावा लागला. खर्चाचा अंदाज सुमारे १७,२०० कोटी रुपयांचा सांगितला गेला. त्याआधीची कित्येक दशके शहराने आपल्या घाणीचा खर्च वाचवला, आणि त्याची किंमत किनाऱ्याच्या पाण्याने व त्या पाण्यावर जगणाऱ्यांनी मोजली. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत उतरून तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायांना त्या पाण्याचा स्पर्श टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कच्चे कोण खातो? हे बऱ्याच अंशी खरे आहे. तिसऱ्यांचे सुके किंवा एकशिपी नीट शिजवण्याची कोकणी घरांची रीत हे मोठे संरक्षण आहे आणि ती टिकवली पाहिजे. परंतु शिंपला उघडला म्हणजे तो शिजला असे नव्हे. विषाणू मारायला आतले मांस ९० अंश सेल्सिअसला दीड मिनिट तापावे लागते. शिवाय सगळी सुरक्षा चुलीपुढच्या बाईवर सोपवणे म्हणजे नगरपालिकेचे काम फुकटात करून घेणे होय.

परदेशी ग्राहकासाठी निर्यात तपासणीचा कायदा १९६३ सालीच झाला. गावच्या बाजारात वाटा विकत घेणाऱ्या मजुराच्या पोटाची तितकी फिकीर कोणी केली? युरोपात शिंपल्यांच्या पाण्याची वर्गवारी करतात. १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणू किती, यावर ती ठरते. ही पद्धत उपयोगी आहे, पण वॉलिस सरोवराचा धडा असा की केवळ जिवाणूंच्या आकड्यावर विसंबता येत नाही. खाडीत कोणती गटारे येतात, याची पायी फिरून केलेली पाहणी तिच्या जोडीला हवीच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिंपल्यांच्या प्रत्येक खाडीची पाहणी आणि तपासणी व्हावी व तिचे निष्कर्ष मराठीत, बाजारात फलकावर लागावेत. मोठ्या पावसानंतर काढणी बंद ठेवावी लागली तर त्या दिवसांची भरपाई काढणाऱ्या कुटुंबांना मिळावी. नाहीतर बंदी म्हणजे उपासमार, आणि उपाशी माणूस बंदी पाळत नाही. आणि प्रक्रिया न केलेले मैलापाणी खाडीत सोडणाऱ्या संस्थेवर, मग ती आपल्या पक्षाच्या ताब्यात का असेना, जबाबदारी कायद्याने निश्चित व्हावी.

किनारी जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी हे काम मंत्रालयाची वाट न पाहता सुरू करावे. ओहोटीच्या वेळी खाडीवर जावे, बायांबरोबर फिरून गटारांची तोंडे मोजावीत आणि ती यादी ग्रामसभेत व पालिकेच्या सभेत मांडावी. टोपली जप्त करणे सोपे असते. गटार बंद करणे अवघड असते, आणि म्हणूनच ते आपले काम आहे.