वाकळेचा टाका

नातवाबरोबर पुण्यात एक प्रदर्शन बघायला गेलो होतो. भिंतीवर वाकळ टांगलेली. खाली पाटी, 'हात लावू नये.' शेजारी दुसरी पाटी. तिच्यावर वाकळ गोळा करणाऱ्याचं नाव ठळक, आणि शिवणारीच्या जागी 'अज्ञात'. तिथल्या जाणकाराला विचारलं, "ही कला का हो?" तो म्हणाला, "काका, घरात अंथरली तर कारागिरी. इथं टांगली की कला."

मला राग आला. भिंत लागली म्हणून वाकळेचा टाका बदलतो का?

आमची आई दोन तऱ्हेच्या वाकळा शिवायची. कांद्यावर, धान्यावर टाकायच्या त्या लांब लांब टाके मारून दोन दुपारीत उरकायची. त्यांना मी कला म्हणणार नाही. सगळ्यालाच कला म्हणत सुटलं तर त्या शब्दाला काय किंमत राहील? माझी नांगरटही सरळ असते, पण ती पिकासाठी, डोळ्यांसाठी नव्हे.

थोरल्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाला मात्र आईनं एक निराळीच वाकळ शिवली. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत तुकडे. हिरव्याशेजारी कोणता ठेवावा, म्हणून एक तुकडा तीन दिवस इकडून तिकडं फिरवला. कडेपासून धावदोरा घालत आत आली. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. मधोमध लाल खण. आता, बारीक टाक्यानं ऊब काही वाढत नाही आणि तान्ह्या बाळाला रंग कळत नाही. मी विचारलं, "एवढं कशापायी?" ती म्हणाली, "तसं बरं दिसंना रं."

माझ्या लेखी कला ती हीच. गरज भागलेली असते, तरी हात थांबत नाही. मन म्हणतं, अजून जमलं नाही.

बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा महाराष्ट्राला त्या कवयित्री म्हणून कळल्या. पुस्तकाचे उपकारच आहेत. पण शेतात, जात्यावर बसून म्हणत होत्या, तेव्हा ती गाणी कविता नव्हती का?

शहराला बोल लावून मला सुटता येणार नाही. आईच्या माघारी ती बाळंतपणाची वाकळ मीच पावसात पाण्याच्या इंजिनावर टाकली. तेलानं आणि उंदरांनी तिची रया घालवली. मलाही त्या चिंध्याच वाटल्या होत्या. पाटी लावणाऱ्यानं वाकळ जपली तरी.

घरात वाकळ असेल तर एकदा उलटी करून टाके बघा. आणि प्रदर्शनवाल्यांनो, वाकळ घेताना शिवणारीचं नाव विचारा. बाई लाजून गप्प बसली, तर पुन्हा विचारा.